टॉवेल कुणाच्या हातात असतो

‘थ्रो इन द टॉवेल’ म्हणजे हार मानणे. ‘रोल विथ द पंचेस’ म्हणजे परिस्थितीशी जुळवून घेणे. ‘ऑन द रोप्स’ म्हणजे अगदी मेटाकुटीला येणे. आधी शाळेत आणि नंतर अमरावतीच्या राजापेठेतल्या माझ्या क्लासमध्ये एकतीस वर्षं मी हे अर्थ मुलांकडून घोकून घेतले, दहा-दहा वेळा लिहून घेतले आणि चुकले तर लाल रेघ मारली. त्या एकतीस वर्षांत बॉक्सिंगची रिंग मी एकदाही पाहिली नव्हती. पाण्यात पाय न घालता पोहण्याचा क्लास चालवावा, तशातला प्रकार. मुलांना मार्क मात्र भरपूर पडले आणि त्या जोरावर माझी मान ताठ होती.

क्लास बंद केला, गुडघ्यांना तेल लावत घरी बसले आणि चार महिन्यांत कंटाळले. अशा वेळी गजानन आला. हा माझा शाळेतला विद्यार्थी, आता अकोल्याच्या एका बॉक्सिंग प्रशिक्षण केंद्राचा प्रमुख. एक कप चहा प्याला, दुसरा मागितला, तेव्हाच मी ओळखलं की स्वारी कामाने आली आहे.

“मॅडम, आमच्याकडे नवे कोच आले. मिझोरमचे झुआला सर. माणूस एक नंबर. पन हिंदीचे तीनच शब्द येतात, पानी, जल्दी आनि बस. पोरींले इंग्रजी येत नाही. ते इंग्रजीत सांगतात, ह्या ‘हो सर, हो सर’ म्हनतात आनि उलटंच करून राहिल्या.”

“मग मी काय करू? गुद्दे मारू?”

“तुमी मधात उभ्या राहा.”

“मधात उभं राहणाऱ्याला दोन्हीकडून बसतात रे बाबा,” मी म्हटलं. पण गेले. दुपारी बडनेऱ्याहून गाडी धरायची, चारच्या सरावाला अकोल्यात हजर व्हायचं आणि सरावानंतर अर्धा तास पोरींना रिंगचं इंग्रजी शिकवून परतीच्या गाडीला लागायचं. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी नवी नोकरी लागली म्हणून शेजारणींना पेढेही दिले.

झुआला सर पन्नाशीचे, बुटके, नाकाचं हाड कधीतरी मोडून तिरकंच बसलेलं. बिनदुधाचा चहा आणि मोजकं बोलणं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, “मॅडम, तुम्ही माझे कान आहात. कानाने ऐकायचं असतं, दुरुस्त्या करायच्या नसतात.” मी मनात म्हटलं, दुरुस्त्या करण्याचाच मला एकतीस वर्षं पगार मिळाला, या माणसाला काय कळतंय. भिंतीवर त्यांनी शिस्तीचे सहा नियम इंग्रजीत लावले होते. त्याखाली मी माझ्या वळणदार अक्षरात मराठी लिहिलं. पाचवा नियम असा होता: दुखापत लपवली, तर जितके दिवस लपवली तितके दिवस बाकावर बसायचं. ग्लोव्ह नाही, सराव नाही, नुसतं बघायचं. मोठ्या झोकात लिहिला होता मी तो.

दुभाष्याचं काम बाहेरून सोपं वाटतं. एकाने म्हणायचं, आपण दुसऱ्याला सांगायचं, टपालवाल्यासारखं. पण रिंगमध्ये दोन फेऱ्यांच्या मध्ये मिळतं एक मिनिट. पोरगी कोपऱ्यात स्टुलावर येऊन बसते. पाणी, श्वास, नाक पुसणं यात निम्मं मिनिट जातं. मग सर चार शब्द बोलतात आणि माझ्या वाट्याला उरतात दहा-बारा सेकंद. सुरुवातीला सरांच्या चार शब्दांचं मी चार ओळींचं मराठी करायचे, उदाहरणासह. एकदा माझं उदाहरण संपायच्या आत घंटा झाली आणि पायल नावाची परतवाड्याची पोरगी उठता उठता म्हणाली, “मॅडम, बाकीचं पुढच्या फेरीत सांगजा.” त्या दिवसापासून मी तोंड आवरायला शिकले. साठीनंतर ही विद्या येणं सोपं नाही.

रोडवर्क म्हणजे पहाटेचं लांब धावणं. मी मात्र आत्मविश्वासाने जाहीर केलं होतं, “उद्या सकाळी रस्त्याचं काम आहे.” पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. “मॅडम, फावडे आमीच आनायचे काय?” दुसरं एक, ठोसा मारण्याआधी खांदा उचकला की समोरचीला तो आधीच कळतो, त्याला सर म्हणायचे टेलिग्राफ करू नको. आता तार म्हणजे काय हे या पोरींच्या आयांनाही माहीत नाही. शेवटी मी सांगितलं, “ठोसा मारायच्या आधी स्टेटस टाकू नका.” क्षणात समजलं. झुआला सरांनी विचारलं, तुम्ही नेमकं काय सांगितलं? मी सांगितल्यावर ते पहिल्यांदा हसले.

पण सगळ्यात महाग पडला तो उपास. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पायल वजनगटाच्या काठावर होती. रात्री हलकं खा, असं सरांनी सांगितलं. मी म्हटलं, “पायल, आज उपासच धर.” पोरगी आज्ञाधारक. तिने साग्रसंगीत उपास केला. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी, भगर, बटाट्याचा कीस आणि रताळ्याच्या गोड फोडी. सकाळी काट्यावर उभी राहिली तर आठशे ग्रॅम जास्त! सर काट्याकडे बघतात, पायल माझ्याकडे बघते आणि मी छताकडे. एकादशी दुप्पट खाशी, हे मिझोरमच्या माणसाला इंग्रजीत कसं समजावणार? समजावलं तरी ऐकून घेतलं नसतं. पायलला दोन स्वेटर घालून तासभर दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या आणि ती कशीबशी गटात बसली. तेव्हापासून मी पदार्थांची नावं घेऊनच सांगते: अर्धी भाकर, वाटीभर वरण, काकडी, बस्स.

गिऱ्हाइकंही एकेक भारी. एक गृहस्थ मूर्तिजापूरहून मुलीला घेऊन आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, हिले मार खाऊ देऊ नका. फक्त इंग्लिश स्पीकिंग होऊ द्या.” फी कमी होती ना इथली! दोन महिन्यांनी त्या मुलीने जिल्ह्याचं पदक घेतलं. इंग्रजी अजून यथातथाच आहे.

आता रुखसारबद्दल लिहिते, कारण हा लेख लिहायला बसले ते तिच्यासाठीच.

रुखसार अकोल्याचीच. तिचे वडील युनूसभाई गादीवाले. गाद्या भरण्याचं पिढीजात दुकान. केंद्रातल्या ठोसे मारायच्या बॅगाही तेच भरायचे, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी यायचे. बॅगेत कापूस भरून चालत नाही, तो खाली बसतो आणि दगडासारखा होतो. चिंध्या भराव्या लागतात, त्याही हाताने फाडून, थरांवर थर देऊन. हे मला त्यांनी शिकवलं. आठ वर्षांपूर्वी असंच एकदा बॅग पोहोचवायला आले असताना बरोबरच्या दहा वर्षांच्या पोरीने बॅगेला एक गुद्दा मारून पाहिला, आणि तिथून ती रिंगमध्ये आली. मोहल्ल्यात लोक काय काय बोलले असतील. युनूसभाई म्हणत, “लोकायच्या गाद्या आपन भरतो मॅडम, लोकायच्या तोंडात काय भरावं?”

आता ती अठराची होती. कुमारी गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. राज्याच्या संघाची निवडचाचणी पंधरा दिवसांवर आली होती, आणि तिच्या वजनगटात तिच्या तोडीची कोणी नव्हती. हे मी नाही, झुआला सर म्हणत. आणि ते कुणाची फुकट स्तुती करणारे नव्हेत.

सोमवारी पायलबरोबर तिची सरावाची लढत लावली होती. दुसऱ्या फेरीत पायलचा बाजूने आलेला ठोसा रुखसारच्या कानावर बसला. ती पडली नाही. दोरीला टेकून उभी राहिली आणि मग कुणी न सांगताच खाली बसली. सर आत गेले, गुडघ्यावर बसले आणि तिच्या डोळ्यांपुढे बोट फिरवत मला म्हणाले, “विचारा तिला. डोकं कसं आहे? नीट दिसतंय का?”

मी विचारलं. रुखसार हळूच म्हणाली, “मॅडम, भोवळ आल्यावानी होऊन राहिलं. उजेड डोळ्यात टोचते. पन सरले नका सांगू ना. माही ट्रायल जाईन.”

मी सरांकडे वळले आणि म्हणाले, “शी इज ऑल राइट, सर. जस्ट टायर्ड.”

“शुअर?”

“शुअर, सर.”

त्यांनी मान हलवली. माझ्या इंग्रजीवर त्यांचा विश्वास होता, आणि माझ्यावरही.

हे मी का केलं? दुष्टपणाने तर नाहीच, आणि घाबरूनही नाही. सवयीने केलं. शाळेत तपासणी असली की आम्ही शिक्षक दुसरं काय करत होतो? साहेब पोराला उठवून प्रश्न विचारणार, पोरगा त त प प करणार आणि आपण मध्ये पडून त्याची बाजू सावरणार. याच गजाननला एकदा साहेबांनी उठवलं होतं. कार्टं घामाघूम. मी पुढे होऊन म्हटलं, “साहेब, दोन दिवस तापाने फणफणलाय, तरी तपासणी म्हणून आला.” साहेबांनी त्याची पाठ थोपटली. ताप कसला नि काय! वर्गात मूल आपलं असतं आणि साहेब परका असतो, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. त्या सोमवारी झुआला सर मला तपासणीला आलेले साहेब वाटले आणि मी आपल्या पोरीला पास करून टाकलं.

मंगळवारी रुखसारने सराव किती वाजता आहे हे मला दोनदा विचारलं. बुधवारी सरांनी ठोशांचे नंबर पुकारले, एक म्हणजे सरळ डावा, दोन म्हणजे सरळ उजवा, असे. तीनला काय मारायचं हेच तिला आठवेना. हे मी पाहिलं. परतीच्या गाडीत स्वतःला समजावलं, परीक्षा जवळ आली की हुशार मुलांचंही असं होतं. माणूस स्वतःला किती छान शिकवू शकतो!

गुरुवारी युनूसभाई बॅग भरायला आले. माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

“मॅडम, एक इचारू? पोरगी दोन दिवसापासून सकाळचा चहा ओकून टाकते. खिडकी लावा म्हनते, उजेड सहन नाही होत म्हनते. तिची माय म्हनते पित्त हाय. तुमी जरा सरले इचारता काय? तुमाले इंग्रजी येते.”

शेवटचं वाक्य मला असं लागलं की हातातली पाण्याची बाटली खाली ठेवावी लागली. मी त्यांना एवढंच म्हटलं, “आत्ता विचारते.” आणि सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. सोमवारी ती काय म्हणाली होती ते शब्दाला शब्द. मी काय सांगितलं होतं तेही.

सर ओरडले नाहीत. सराव तिथेच थांबवला, गजाननला गाडी काढायला लावली आणि रुखसारला दवाखान्यात पाठवलं. जाताना मला म्हणाले, “मॅडम, लढणाऱ्या मुलीच्या डोक्याच्या आत मला बघता येत नाही. तिला जे वाटतं ते तिने सांगायचं असतं. ते माझ्यापर्यंत तुम्ही आणायचं असतं. मधली वाट बंद झाली तर मी आंधळा आहे.”

डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन काढला. नशीब चांगलं, रक्तस्राव नव्हता. पण मेंदूला हादरा बसला होता. महिनाभर रिंगचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी लिहून दिलं. निवडचाचणी बारा दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रावर गेले तेव्हा सर भिंतीजवळ उभे होते. त्यांनी पाचव्या नियमावर बोट ठेवलं आणि तीन बोटं दाखवली. सोमवार ते गुरुवार, तीन दिवस.

गजाननला घाम फुटला. “सर, प्लीज, शी इज माय टीचर.” मला म्हणाला, “मॅडम, मी बोलतो त्यायच्याशी. तुमच्या वयाच्या मानसाले बाकावर बसवते का कोनी?”

“गजानन, नियमाचं मराठी मीच लिहिलंय,” मी म्हटलं आणि बाकावर जाऊन बसले. आयुष्यभर दुसऱ्यांना बाकावर उभं केलं. स्वतः शिक्षा भोगायला बसले तेव्हा कळलं, बाकाची फळी किती अरुंद असते ते.

सरांनी तीन दिवस खाणाखुणांवर आणि पायलच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीवर काम भागवलं. पायल ‘लेफ्ट हँड, सर बोलिंग, अप अप’ असं काहीतरी करायची, आणि खरं सांगते, पोरींना समजत होतं. मला थोडा मत्सरही वाटला. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला रुखसार बसायची, काळा चष्मा लावून. घरी बसवेना म्हणून यायची. पहिला दिवस माझ्याकडे पाठ फिरवून बसली. दुसऱ्या दिवशी समोर रिंगमध्ये लढत चालू असताना अचानक म्हणाली,

“माह्या नावानं टॉवेल फेकला तुमी. हार मानणे. तुमीच आमच्या वहीत लिहून घेतलं होतं.”

मी रिंगकडे पाहिलं. दोन पोरी, दोघींच्या मुठी ग्लोव्हमध्ये बांधलेल्या. त्या हातांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही, नाक पुसता येत नाही. टॉवेल होता कोपऱ्यात उभ्या असलेल्या सरांच्या खांद्यावर. एकतीस वर्षं शिकवलेली गोष्ट माझ्यासमोर अशी उघडी पडली होती, आणि मी महिनोन्‌महिने ती रोज बघत होते.

“रुखसार, मी चुकीचं लिहून घेतलं,” मी म्हटलं. “लढणारी टॉवेल फेकूच शकत नाही. तिचे हात बांधलेले असतात. लढत थांबवायला तो फेकतात ती तिची माणसं. तिला त्या वेळी स्वतःचं काही दिसत नसतं, त्यांना दिसत असतं म्हणून.”

 ती चष्मा काढून सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, “तुमाले तर सोमवारीच दिसलं होतं ना. मंग तीन दिवस काहून थांबल्या?”

  

तिसऱ्या दिवशी युनूसभाई अर्धवट राहिलेली बॅग पुरी करायला आले. जमिनीवर बसून चिंध्या फाडू लागले. मला म्हणाले, “मॅडम, तुमी काहून बसून राहिल्या? तब्येत बरी नाही काय?” आतापर्यंत त्यांना एवढंच माहीत होतं की त्यांनी सांगितलं, मॅडमने सरांना विचारलं आणि पोरगी वाचली. आदल्या दिवशी त्यांच्या घरून माझ्यासाठी शीरखुर्म्याचा डबा आला होता. तो मी खाल्लाही होता. गप्प बसले असते तर जन्मभर डबे येत राहिले असते.

मी सांगितलं. सोमवारी रुखसार काय म्हणाली, मी काय सांगितलं, सगळं.

त्यांचे हात थांबले. “तीन दिवस?”

“तीन दिवस.”

ते पुन्हा चिंध्या फाडू लागले. बॅगेत एक थर दाबला, दुसरा दाबला. मग वर न बघता म्हणाले, “मॅडम, मले इंग्रजी शिकवा.”

“आता?”

“आताच. लय नको, एक वाक्य पुरे. सरले इचाराचं हाय, माह्या पोरीचं जे हाय ते खरं सांगा म्हनून. मधात कोनी नको.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी पर्समधून वही काढली आणि देवनागरीत लिहून दिलं: प्लीज टेल मी द ट्रूथ, सर. त्यांनी ते दोनदा वाचलं.

“प्लीज मंजे?”

“कृपया. मेहेरबानी करून.”

“मेहेरबानी काहून? पोरगी माही हाय.”

मी प्लीज खोडला. उरलेलं वाक्य त्यांनी बॅग भरता भरता घोकलं. असा मन लावून घोकणारा विद्यार्थी मला शाळेत मिळाला नाही.

जाताना त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढून दाखवला. निवडचाचणीचा फॉर्म होता. ही चाचणी केंद्राची नव्हती, बाहेरची होती. पालकाची सही आणि वजन बरोबर, एवढ्यावर नाव जायचं. तिथले डॉक्टर नाडी बघून ‘काही त्रास?’ असं विचारणार, आणि त्याला काय उत्तर मिळणार हे मला पुरेपूर ठाऊक होतं. रुखसारने घरी दोन दिवस जेवण सोडलं होतं. म्हणत होती, डॉक्टर सगळ्यांनाच महिना लिहून देतात, मला आता बरं वाटतं, सही करा. “सही नाही केली तर पोरगी जिंदगीभर म्हनन, अब्बानं अडवलं,” युनूसभाई म्हणाले. “अन्‌ केली तर... मले समजून नाही राहिलं, मॅडम. मनून सरच्या तोंडून आइकाचं हाय.”

चौथ्या दिवशी माझी शिक्षा संपली. चार वाजता युनूसभाई आले ते दुकानातून तसेच, केसांत कापूस घेऊन. रुखसार बाकावर होती. ते तिच्यासमोरून सरळ झुआला सरांकडे गेले, फॉर्म त्यांच्यापुढे धरला आणि हात खाली सोडून ताठ उभे राहत म्हणाले,

“टेल मी द ट्रूथ, सर.”

उच्चार एकदम स्वच्छ होता. सरांनी आधी फॉर्मकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आणि ते बोलू लागले. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. दोन मिनिटं तरी बोलले असतील. युनूसभाई त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बोलणं संपलं. प्रश्न एका वाक्याचा होता, उत्तर एका वाक्याचं नव्हतं. युनूसभाई तसेच उभे राहिले. मग हळूच माझ्याकडे वळले.

“बोला, मॅडम.”

मी उठून त्यांच्या बाजूला उभी राहिले. रुखसार माझ्याकडे बघत होती. मध्येच एखादा शब्द मऊ करता आला असता, जागाही होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

“सर म्हणतात, ती चाचणी जिंकेल. तिथे येणाऱ्या सगळ्या पोरींपेक्षा ती चांगली आहे. मी शिकवलेल्यांत हिच्यासारख्या दोन-तीनच झाल्या. पण दुखावलेलं डोकं भरून यायच्या आत तिथेच पुन्हा ठोसा बसला, तर काय होतं ते मी पाहिलंय. माझ्याबरोबर खेळणारा एक जण आज स्वतःच्या बायकोला ओळखत नाही, तिला आई म्हणतो. असं होईलच असं नाही. होणारच नाही, असंही मी म्हणणार नाही. तुम्ही सही केलीत तरी मी तिच्या कोपऱ्यात उभा राहणार नाही. नाही केलीत तर ती माझ्यावर आणि तुमच्यावर वर्षभर चिडेल. ती माझ्यावर चिडली तरी मला चालेल.”

युनूसभाईंनी सगळं ऐकलं. “एवढंच म्हनले? काही सोडलं नाही ना?”

“काही सोडलं नाही.”

त्यांनी फॉर्मची पुन्हा घडी केली, होती त्याच रेषांवर, आणि दारात उभ्या असलेल्या गजाननच्या हातात दिली. “हे ठेवा तुमच्यापाशी. पुढच्या साली सही करीन.”

रुखसार उठून आली. रडून डोळे सुजलेले. घरच्या बोलीत म्हणाली, “अब्बा, अगले साल बडी लडकियों में खेलना पडेगा.”

युनूसभाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जिथे लागलं होतं ती बाजू सोडून.

“तो? तू क्या इतनीच रहेगी?”